टीसीकाकांनी देवाला सांगितलं

टीसीकाका हात मिळवायला हात पुढं करायचे तो तळवा वर करून. गोंदिया-दुर्ग लायनीवर उभा जन्म तिकिटं तपासलेला हात तो, रिटायर झाला तरी त्याची खोड गेली नव्हती. रविवारी आमच्या पत्र्याच्या शेडच्या दारात ते काळा कोट घालून उभे असत आणि पहिल्यांदा आलेला माणूस तो तळवा बघून गडबडायचा. एकाने तर खरंच खिशात हात घालून प्लँटचा गेटपास काढून दिला होता. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, "बरोबर आहे" म्हणून परत केला आणि त्याला नेऊन दुसऱ्या बाकावर बसवलं.

मग पहिला प्रश्न ठरलेला. "कुठून?" समोरच्याने गावाचं नाव घेतलं की काका तिथलं मिशन, तिथला पाळक, तिथल्या शाळेची हेडमास्तरीण, सगळं घडाघडा सांगत आणि दोन मिनिटांत त्या माणसाची चुलत मावशी आमच्यातल्याच कुणाची तरी नणंद निघे. नातं निघालं नाही असं मी कधी पाहिलं नाही. कधीकधी मला वाटायचं, निघत नसेल तेव्हा काका ते जागच्या जागी तयार करत असावेत.

भिलाईत तेव्हा कुणीच कुणाचं नव्हतं. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष झालं होतं, निम्मे सेक्टर नुसते आखलेले, आणि वाळत घातलेलं पातळ संध्याकाळी तांबूस होऊन घरात यायचं. शेजारी मल्याळी, पलीकडे बंगाली, समोर रशियन साहेबाचा ड्रायव्हर. नागपूर-वर्ध्याकडून आलेली आम्ही ख्रिस्ती माणसं बोटांवर मोजण्याइतकी. एका ठेकेदाराने सिमेंटचं रिकामं गोदाम उपासनेला दिलं होतं. बाकं मशीनच्या खोक्यांच्या फळ्यांची, त्यांवर रशियन अक्षरं छापलेली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा दुर्गहून सायकल मारत येत आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, देऊन जात. बाकीचे तीन रविवार मंडळीने निवडलेले वडील म्हणून टीसीकाकाच सगळं चालवत. त्यांचं खरं नाव इम्मानुएल भालेराव. मुलगा प्लँटमध्ये होता, त्याच्याकडे ते म्हातारपणी विसाव्याला आले होते. विसावा त्यांनी एक दिवसही घेतला नाही.

नवं कुटुंब आल्याची बातमी लागली की ट्रंक उघडायच्या आत काका त्यांच्या दारात. एका हातात पाण्याने भरलेली सुरई, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकर आणि झुणका. "मंडळीत पाहुना नसते," ते म्हणत. "पाहुन्याले चहा पाजते लोकं, अन् वाट पाहते का हा कवा जाते." मग जमिनीवर फतकल मारून बसत आणि विचारायला लागत. नोकरी, लेकरं, सासू, कर्ज, दारू, दुखणं, काही सोडत नसत. जे कळलं ते येत्या रविवारी उपासनेत, त्या कुटुंबाला उभं करून, नावानिशी प्रार्थनेत येई. त्यांचं ठाम मत होतं, "दुखनं घरात ठेवलं का सडते. मंडळीत आनलं का वाटून जाते."

माझंही तसंच झालं. मी बावीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. दोनदा पोट पडलं होतं, हे मी काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, चुलीपाशी हळूच सांगितलं होतं. रविवारी काकांनी डोळे मिटले, हात पसरले आणि साऱ्या मंडळीदेखत म्हणाले, "हे प्रभू, या तुझ्या लेकीची, सुलोचनाची, कूस दोनदा रिकामी झाली." धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. आमचे हे पंधरा दिवस काकांशी बोलले नाहीत. पण सोमवारी सकाळी एक बाई डिंकाचे लाडू घेऊन आली. दुसरी मला दवाखान्यात घेऊन गेली. मला दिवस गेले तशी तिसरीने पुढचे आठ महिने माझ्या घरी पाणी भरलं, मला घागर उचलू दिली नाही. मुलगी झाली ती आईला तार पोचायच्या आत शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. त्या उपकारांखाली मी अशी दबले की लाज विसरले. विसरायला नको होती.

पुढं मी काकांचा उजवा हात झाले. पेटी वाजवायची, मंडळीची पत्रं लिहायची, आणि बायकांशी बोलायचं असेल तिथं त्यांच्यासोबत जायचं. माझं अक्षर वळणदार होतं, दारावरच्या सूचनाही मीच लिहायचे. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. प्रत्येक घरातलं झाकलेलं मला रविवारच्या आधीच कळायचं.

मनोहर आणि सुमन आले ते पुढच्या हिवाळ्यात. मनोहर वेल्डर. मजुरांच्या कँपातल्या एका चाळीत त्यांना खोली मिळाली होती, तीन वर्षांची मुलगी होती. काका सुरई घेऊन निघाले, मागे मी. सुमन अंगाने बारीक, गळा गोड. आम्ही बसल्या बसल्या तिने एक गीत गुणगुणलं तेव्हाच मी ठरवलं की हिला पेटीशेजारी उभी करायची. थंडी फार नव्हती तरी डावा हात तिने पदराखाली घेतला होता. काकांची नजर टीसीची. फुकट्या प्रवासी त्यांना डब्याच्या टोकापासून ओळखू यायचा.

"हाताले काय झालं, बेटी?"

सुमनने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली. तिने हात बाहेर काढला. शेवटची दोन बोटं आत वळलेली होती.

तिची आई मिशनच्या महारोगी आश्रमात होती. सुमन तिथंच वाढली. बाराव्या वर्षी तिच्याही पाठीवर चट्टा उठला, सहा वर्षं गोळ्या झाल्या आणि मग डॉक्टरांनी ती पूर्ण बरी झाल्याचा कागद दिला. मनोहर आश्रमाचं लोखंडी फाटक जोडायला आला होता, तो तिला घेऊनच गेला. त्याच्या घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. हे सगळं तिने न अडखळता सांगितलं, उठून ट्रंकेतून तो कागद काढला आणि काकांच्या उताण्या तळव्यावर ठेवला. काकांनी तो दोनदा वाचला. "बरोबर आहे," म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं.

तेव्हा सुमन म्हणाली, "काका, हे मंडळीत नका सांगू. इथं कोनालेच माहीत नाही. वीस घरं मिळून एक नळ आहे."

"मंडळीले मी कावून सांगू?" काका म्हणाले. "मी देवाले सांगीन."

तिला केवढं बरं वाटलं. तिने चहा टाकला. काकांनी बशीत ओतून फुर्र फुर्र प्यायला. मीही प्यायले, पण कप डाव्या हातात धरून, त्याच्या कानाच्या बाजूने, जिथं सहसा कुणी ओठ लावत नाही तिथून.

रविवारी पाळकसाहेब येणार होते, प्रभुभोजनाचा दिवस. शेड गच्च भरली होती. मनोहर-सुमन दारात आले तशी काकांनी तिसऱ्या बाकावरच्या माणसांना हाकारलं, "सरका जरासेक, सरकलं का बसते." तिघं त्यात मावली. नेहमीप्रमाणे काकांनी त्यांना उभं केलं, नाव-गाव सांगितलं, मनोहरची कुणीतरी आत्या शोधून काढली, लोक हसले. मग डोळे मिटून त्यांनी हात पसरले.

"हे प्रभू," ते म्हणाले, "तू दहा महारोगी बरे केले, अन् तुह्या पायाशी एकच परत आला. आज पाह्य, आनखी एक परत आली. ही तुही लेक सुमन, आश्रमात जन्मली, तुनं तिले शुद्ध केलं..."

त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. शास्त्रातली गोष्ट त्यांच्या शेडमध्ये, त्यांच्या तिसऱ्या बाकावर घडली होती, ह्याहून मोठं त्यांना आयुष्यात काय मिळणार होतं? मी पेटीवर बसले होते, डोळे उघडे ठेवून. भाता माझ्या हातात होता. काका पेटीचा एक सूर ऐकला की प्रार्थना आवरती घेत, लांबण लागली की मी नेहमी तसं करायचे. त्या दिवशी केलं नाही. मला लोकांचे चेहरे बघायचे होते. लिहिताना लाज वाटते, पण खरं कारण तेच.

सुमनने डोळे उघडलेच नाहीत. तिची मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, तुयं नाव घेतलं." आणि बाक सरकलं. म्हणजे बाकावरची माणसं सरकली, दोन्ही बाजूंनी, कुणी न सांगता.

प्रभुभोजनाला आम्ही एकेक रांग पुढं जाऊन गुडघे टेकत असू, आणि सगळ्यांना मिळून एक पेला. सुमनची रांग उठली. तिच्या बाजूच्या दोघींना अचानक लेकरं आठवली, त्या बाहेर गेल्या. ती आणि मनोहर तेवढे टेकले. मग मी पेटीवरून उठले आणि जाऊन सुमनच्या शेजारी गुडघे टेकले. माझ्या त्या धैर्याचं पुढं पुष्कळ कौतुक झालं. पाळकसाहेबांनी तिला पेला दिला, ती प्यायली. त्यांनी पांढऱ्या रुमालाने कड पुसली, पुन्हा पुसली, पेला फिरवला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी तो ओठांना लावला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. थेंबभर आत गेला नाही. मान खाली घालून मी परत आले.

माझ्यानंतर कुणी उठलं नाही. पाळकसाहेब पेला धरून उभे राहिले. शेवटी काका गेले, उरलेला सगळा रस एका दमात प्यायले आणि पेला मेजावर ठेवला. हे मी सगळीकडे सांगते, कारण माणूस भित्रा नव्हता.

उपासना सुटल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, काका, तुम्ही तिला शब्द दिला होता. त्यांना माझं बोलणंच कळेना.

"मंडळीले कुठं सांगितलं मी? मी त देवाले सांगून राहिलो होतो, डोये मिटून. कोनाच्या कानात गेलं त म्या काय करू?"

ते बनेलपणाने बोलत नव्हते. डोळे मिटले की त्यांच्यापुरती माणसं खरोखरच नाहीशी होत असत. तीस वर्षं डब्यातल्या गर्दीतून वाट काढत गेलेल्या माणसाला ही विद्या येत असेल. पण सुमनच्या नळावरच्या बायकांना असं काही येत नव्हतं. आमच्यातल्याच एकीची बहीण त्या चाळीत राहायची. मंगळवारपासून सुमनने पाणी भरलं की बायका राखेने नळ घासायला लागल्या, तिच्यासमोर. मग सांगण्यात आलं की तिने सगळ्यांच्या शेवटी यावं. शेवटी नळाला पाणी नसे. मनोहर जेवणाच्या सुट्टीत एकटा बसू लागला. पुढच्या रविवारी शेडमध्ये मनोहर-सुमन होते आणि बाकं ओस पडलेली होती.

लोक काकांच्या घरी गेले. काकांची सूनही त्या लोकांतच होती. लहान लेकरं आहेत, एकच पेला आहे, तुम्हीच ठरवा, असं सगळं फार मर्यादेने बोलणं झालं. काकांनी डॉक्टरांचा कागद, दहा महारोगी, सगळं सांगून पाहिलं. कुणी वाद घातला नाही आणि कुणी आलंही नाही. तिसऱ्या रविवारी ते रिकाम्या शेडमध्ये बाकावर बसून लहान पोरासारखे रडले. एकेक कुटुंब त्यांनी ट्रंकेपाशी जाऊन उचलून आणलं होतं. ते सगळं एका माणसापायी मोडत होतं, आणि ते माणूसही त्यांनीच आणलेलं होतं.

मग त्यांना तोड सुचली. त्यांना ती फार सुंदर वाटली होती, हेही सांगायला हवं. चटई, भाकरीचा तुकडा झाकलेली ताटली आणि एक छोटा पेला घेऊन ते मला घेऊन सुमनच्या खोलीवर गेले. आता तुम्ही तिकडं यायची तसदी घेऊ नका, म्हणाले, दर रविवारी आम्हीच इकडं येऊ, तुमच्या घरीच देऊळ करू.

सुमन उंबऱ्यात उभी होती. तिने आम्हाला आत या म्हटलं नाही.

"आश्रमाले तारेचं कुंपन होतं, काका," ती म्हणाली. "तिथंबी पाळक आमच्याकडं येत. आमी त्यायच्याकडं नाही जात. अठरा वर्सं मी त्या तारेच्या आत होती. यायनं मले बाहेर आनलं, अन् तुमी चटईत गुंडाळून तेच तार घेऊन आले."

"बेटी, तुह्याच भल्यासाठी," काका म्हणाले. ते तिच्या बाजूने आत गेले, चटई अंथरली, डोळे मिटले आणि तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. ती दोघं बसली नाहीत. भाकर ताटलीत तशीच राहिली.

दोन महिन्यांत मनोहरने ओरिसाकडं दुसऱ्या कामावर नाव नोंदवलं. आमच्यात रीत अशी की कुटुंब गाव सोडतं तेव्हा मंडळी त्याला चिठ्ठी देते. ही माणसं आमची, चांगल्या चालीची, यांना सामावून घ्या. चिठ्ठीशिवाय नव्या ठिकाणी प्रभुभोजन मिळत नाही. काकांनी सांगितलं आणि मी लिहिलं. मनोहरचा कष्टाळूपणा, सुमनचा गळा, मुलीचा बाप्तिस्मा. शेवटी ते म्हणाले, आता लिही, बहीण सुमन हिला देवाने महारोगातून पूर्ण बरं केलं आहे, तरी तिला प्रेमाने वागवावं.

मी लेखणी थांबवली. हे नको, काका, म्हटलं.

"आपल्याकडं अचानक कयलं म्हनून असं झालं," ते म्हणाले. "तिकडच्या लोकायले आधीच मालूम असलं त ते मन तयार करून घेतीन. माह्यासारखी चूक त्यायनं करू नये."

चूक झाली एवढं ते कबूल करत होते, पण कोणती ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला मात्र कळत होतं. त्यांचा चष्मा फुटून आठवडा झाला होता, मी काय लिहिलं ते त्यांना दिसणार नव्हतं. ती ओळ गाळून कागद पुढं केला असता तरी त्यांनी सही केली असती. मी ओळ लिहिली. वळणदार अक्षरात, काना-मात्रा चुकू न देता लिहिली. त्यांनी खाली सही केली, मी पाकीट चिकटवलं.

दुर्ग स्टेशनवर काका पोचवायला आले. जुने टीसी त्यांना ओळखत होते, त्यांनी डब्यात खिडकीशी जागा करून दिली. पाकीट मी सुमनच्या हातात दिलं. तिने ते पदराच्या आत ठेवलं आणि माझा हात धरला.

"ताई, त्या दिवशी तुमी माह्या बाजूले येऊन टेकल्या," ती म्हणाली. "ते मी इसरनार नाही."

गाडी सुटली.

काका त्यानंतर तीन वर्षं जगले. मंडळी पुन्हा भरली, आधीपेक्षा जास्त भरली. पक्क्या देवळाचा पाया त्यांच्या हातून घातला गेला. नव्या घरी सुरई जात राहिली आणि प्रार्थनेत दुखणी येत राहिली, फक्त आम्हा बायकांनी आता काही सांगायचं बंद केलं होतं, तेव्हा सर्दी-खोकल्यासाठीच प्रार्थना व्हायच्या. एका सकाळी दाढी करता करता ते गेले. मयतीला शेडबाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती. एकेकजण उठून सांगत होता, आम्ही आलो तेव्हा इथं कुणी ओळखीचं नव्हतं आणि हा माणूस पाणी घेऊन आला. मीही उठून डिंकाच्या लाडवांचं सांगितलं आणि रडले, मनापासून रडले. मला ते अजूनही आठवतात तेव्हा माया वाटते. सुमनचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही.

मनोहरच्या जुन्या मुकादमाकडून पत्ता मिळवून मी त्यांना काका गेल्याचं कळवलं. महिन्याने कार्ड आलं, सुमनच्या हातचं, आश्रमाच्या शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरातलं. काका गेल्याचं वाचून वाईट वाटलं, तिने लिहिलं होतं, माणूस दुष्ट नव्हता. मुलगी शाळेत जाते. यांचं काम बरं चाललं आहे. इथं चाळीत नळ दोन आहेत. इथल्या मंडळीत आम्ही नाव घातलं नाही, चिठ्ठी कुणाला दाखवली नाही. ती मी त्याच दिवशी गाडीत फोडून वाचली होती. सही काकांची होती, आणि अक्षर तुमचं होतं, ताई.